निळ्या रेघेखालची म्हैस

न वाचलेलं पुस्तक मला वासावरून कळतं. थट्टा नाही. माझ्या डोळ्यांवर फडकं बांधा, समोर दहा पुस्तकं ठेवा. कुठलं वाचलंय आणि कुठलं नुसतं मिरवलंय, ते नाक लावून सांगीन. वाचलेल्या पुस्तकाला डोक्याच्या तेलाचा, तपकिरीचा, कधी भजीचा वास येतो. न वाचलेल्याला फक्त माझ्या खळीचा वास येतो. भिवंडीत मी सदतीस वर्षं पुस्तकबांधणी केली. सत्तरच्या दशकात तर गावातल्या झाडून सगळ्या विद्वानांची कपाटं माझ्या हाताखालून गेली. गाव विद्वानांनी नुसतं बुजबुजलेलं होतं, आणि वास मात्र सगळीकडे खळीचा.

दुकान नारपोलीच्या रस्त्याला. डावीकडे लूम, उजवीकडे लूम, मागे लूम. माझी भिंत दिवसभर थरथरायची. तिच्यावर टांगलेलं कॅलेंडर आपोआप पुढच्या महिन्यावर जायचं. पण लूमचा फायदाही होता. विणताना डाग पडलेलं, धागा तुटलेलं कापड कारखानदार फेकून देत, ते मी रंगवून पुस्तकांच्या पाठीला लावायचो. खळ मैद्याची, त्यात चिमूटभर मोरचूद. ते विषारी असतं, त्यामुळे झुरळ त्या पुस्तकाकडे फिरकत नाही. आमचे विद्वान मात्र मोरचूद न घालताही फिरकत नसत.

बाहेरच्या माणसाला हा धंदा थोडक्यात सांगतो, पुढे लागणार आहे. जुनं पुस्तक आलं की आधी ते उसवायचं. फाटकी पानं चिकटवायची, मग सोळा-सोळा पानांच्या घड्या ओळीनं लावून शिवायच्या. झाला आतला गठ्ठा. पुठ्ठा वेगळा बनतो. त्यावर कापड चढतं, पाठीवर सोनेरी अक्षरात नाव ठोकलं जातं. गठ्ठा आणि पुठ्ठा यांची गाठ पडते अगदी शेवटी. खळ लावायची, गठ्ठा पुठ्ठ्यात बसवायचा, शिकंज्यात आवळायचा. आईबापांनी आधी ठरवलेलं लग्न असतं ते. नवरानवरी एकमेकांना मांडवातच बघतात.

ढोंग्यांबद्दल बोलायच्या आधी एका सरळ माणसाचं नाव घेतलं पाहिजे. चाळीस लूमचे मालक अन्सारी चाचा. नवा बंगला बांधला, दिवाणखान्यात काचेचं कपाट केलं आणि माझ्याकडे फूटपट्टी घेऊन आले. म्हणाले, साडेतीन फूट किताब चाहिए, हरे रंग में. आत काय घालू विचारलं, तर म्हणाले, "अंदर कौन देखता है भाई? मैं तो ख़त भी बेटे से पढ़वाता हूँ." मी जुनी पंचांगं, रेल्वेची वेळापत्रकं आणि रद्दीतली निकालपत्रकं बांधून दिली. वर सोन्याची वेल. चाचा येईल त्या पाहुण्याला कपाट उघडून दाखवायचे आणि सांगायचे, सब झूठ है, लेकिन रंग देखो. चाचा जाईपर्यंत मी ह्या माणसाला मानलं.

आता बापूसाहेब. सुताचे मोठे व्यापारी आणि आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष. पांढरं धोतर, खिशाला निळी पेन्सिल. वाचनालयात दर शुक्रवारी व्याख्यान असे. शुक्रवारीच, कारण त्या दिवशी लूम बंद असत आणि आठवड्यातून तेवढंच एकदा ह्या गावात एक माणूस काय म्हणतो ते दुसऱ्याला ऐकू यायचं. काय ऐकू यायचं, तर बापूसाहेब. कुठल्याही ग्रंथाचं नाव काढा, बापूसाहेब डोळे मिटायचे, नाकानं लांब श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, "दृष्टी आहे हो त्या माणसाला." झालं. अर्धा तास टाळ्या.

त्यांची निळी पेन्सिल गावात प्रसिद्ध होती. त्यांनी वाचलेल्या प्रत्येक पुस्तकात निळ्या रेघा असायच्या. आता मी पुस्तकं उसवणारा माणूस. मला त्या रेघांत एक गंमत दिसली. रेघ पाचव्या पानावर, मग पंधराव्या, मग पंचविसाव्या. कादंबरी असो, चरित्र असो, रेघ दहा पानांनी हजर. चौकशी केली तेव्हा कळलं की पेढीवरचा मुनीम दुपारी जेवण झालं की बसून रेघा मारायचा. पट्टीनं. बिचाऱ्याला मराठी धड येत नव्हतं, पण रेघ कधी वाकडी गेली नाही.

त्यांच्या खालोखाल दामले मास्तर, वाचनालयाचे कार्यवाह. त्यांची तऱ्हा निराळी. बापूसाहेब काय म्हणतात ते ऐकायचं आणि चार दिवसांनी जरा नाक मुरडून तेच म्हणायचं. आणि बापूसाहेब काय म्हणायचे? तर दामले मास्तरांनी मागल्या आठवड्यात जे म्हटलेलं असे ते. दोन आरसे समोरासमोर ठेवल्यासारखं. मध्ये पुस्तक म्हणाल तर नाहीच.

अशा ह्या वाचनालयात एक अभिप्रायवही होती. पुस्तक परत करताना सभासदानं त्यात चार ओळी लिहायच्या, असा बापूसाहेबांनी पाडलेला रिवाज. साधी माणसं लिहायची, "बरं आहे", "मधली पानं नाहीत". मोठी माणसं परिच्छेद पाडायची.

माझी चूक झाली ती अशाच एका वर्षी. कबूल करतो, चूक माझी, संपूर्ण माझी. वाचनालयाकडून एक जाडजूड तत्त्वचिंतनाचा ग्रंथ बांधायला आला होता. माणसानं का जगावं, कशासाठी मरावं, असलं काहीतरी चारशे पानं. त्याच वेळी अंबाडीचे हरीतात्या त्यांचं म्हशीचं पुस्तक घेऊन आले. म्हैस कशी निवडावी, गाभण कशी ओळखावी, व्यायला अडली तर कशी सोडवावी. पहिली पानं नव्हती. ती म्हशीनंच खाल्ली, असं तात्या शपथेवर सांगत. ग्रंथाचीही पहिली पानं गेलेली. दोन्ही गठ्ठे त्याच मापाचे, त्याच जाडीचे. त्या दिवशी लग्नसराईतल्या आहेराच्या वह्यांचं काम चढलेलं, भिंत थरथरतेय, मी एका हातानं खळ लावतोय, दुसऱ्या हातानं चहा पितोय. मांडवात नवऱ्यांची अदलाबदल झाली.

आठवड्यानं हरीतात्या आले. पुस्तक टेबलावर ठेवलं आणि स्वस्थ बसले. मी विचारलं, काय तात्या, बांधणी आवडली का?

"बांधनी झकास हाय," तात्या म्हणाले. "पर ह्यात म्हस न्हाय."

"नाही म्हणजे?"

"न्हाय म्हंजे न्हाय. मी बारकाईनं बघितलं. शंभर पानं वाचली, म्हटलं पुढं येत आसंल. मानूस बरा हाय बोलायला, पर जनावराचं त्याला काय ठावं न्हाय."

म्हणजे म्हैस वाचनालयात गेली होती, तीही तत्त्वचिंतनाच्या पुठ्ठ्यात, पाठीवर सोनेरी नाव घेऊन. तात्यांना म्हटलं ठेवून जा, बदलून देतो. तर तात्या पुस्तक सोडीनात. म्हणाले, आता आर्धं झालंय, त्यो शेवटी काय ठरवतो ते बघू दे. मी ठाण्याहून म्हशीचं दुसरं पुस्तक पदरमोड करून आणून दिलं. बांधून झाल्यावर तो ग्रंथ अख्ख्या तालुक्यात कुणी वाचला असेल तर एका हरीतात्यांनी, गोठ्यात बसून.

मी तसाच वाचनालयात धावलो. मनात होतं, गुपचूप पुस्तक उचलावं, आतली म्हैस सोडवावी. पण कारकून म्हणाला, पुस्तक बापूसाहेबांनी नेलं होतं, कालच परत आलं. अभिप्रायवही उघडीच होती. मी वाचलं आणि तिथंच बाकावर बसलो.

बापूसाहेबांनी लिहिलं होतं: "मानवी जीवनाचा तळ गाठणारा ग्रंथ. वाचता वाचता अंतर्मुख झालो."

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी कुठल्या माणसाला चूक सुधारावीशी वाटेल? मी म्हटलं, आणखी एक आठवडा राहू दे. पुढच्या आठवड्यात दामले मास्तरांनी लिहिलं: "विचारप्रवर्तक, तथापि काही स्थळी दुर्बोध." एका वकिलांनी लिहिलं, उत्तरार्ध पूर्वार्धाची उंची गाठत नाही. त्या उत्तरार्धात, सांगतो, कासदाहावरचे, म्हणजे म्हशीची कास सुजली तर करायचे, उपाय होते. एक वर्ष म्हैस गावातल्या थोरामोठ्यांच्या घरी मुक्काम करून आली, आणि कुणाच्याही घरी तिला कुणी ओळखलं नाही. मी रोज हसायचो. लूमच्या आवाजात मोठ्यानं हसलं तरी कुणाला कळत नाही, ही सोय.

ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही. माझ्याच दुकानात काम करणाऱ्या यमुनेलाही.

यमुना भोईर, जवळच्या वळ गावची. तिशीला आलेली, दोन मुलं, नवरा ट्रकवर. मॅट्रिक पास. माझ्याकडे पुस्तकं उसवणं, फाटकी पानं जोडणं, घड्या लावणं हे तिचं काम, आणि हात असा की फाटलेलं पान जोडल्यावर मलाच सापडायचं नाही. पण एक खोड. ती वाचायची. घडी हातात आली की ओळीला लावायच्या आधी वाचायची. दहा पुस्तकांच्या जागी सहा व्हायची. मी ओरडायचो, यमुने, आपल्याला पुस्तक बांधायचंय, त्याच्याशी संसार नाही करायचा. ती म्हणायची, "काका, एवढं पान." पण ते एवढं पान कधी संपायचं नाही. आणि वाचणार कसं, तर जशी घडी येईल तसं. आधी मधलं, मग शेवट, मग पहिलं. आणि वाचून पुरं व्हायच्या आत बहुतेक पुस्तकं दुकानातून निघून जायची. त्या तत्त्वचिंतनाची फाटकी पानंही तिनंच जोडली होती, आणि उलटसुलट का होईना, ते सगळं वाचलं होतं.

पुढच्या वर्षी वाचनालयाचा कारकून निवृत्त झाला. जागा पक्की, पगार महिन्याच्या महिन्याला, अट फक्त मॅट्रिकची आणि वयाची. यमुनेचं वय त्या साली बसत होतं, पुढच्या साली बसणार नव्हतं. तिनं अर्ज माझ्या टेबलावर बसून लिहिला. मी विचारलं, इथं काय कमी आहे? तर म्हणाली, "काका, मला एक तरी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचायचंय. मध्ये कुणी न उचलता."

त्यातली निम्मी मीच उचललेली.

मुलाखती शुक्रवारी, वाचनालयाच्या मोठ्या खोलीत. मी बांधलेल्या पुस्तकांचा गठ्ठा पोचवायला गेलो आणि मुद्दामच बाकावर टेकलो. टेबलामागे बापूसाहेब, शेजारी दामले मास्तर, तिसरे ते वकील. आणि टेबलावर, बघतो तर काय, म्हैस. बापूसाहेबांनी ठरवलं होतं की उमेदवाराचं वाचन ह्या एकाच ग्रंथावरून तपासायचं.

सात उमेदवार आधी झाले. प्रत्येकाला पुस्तक दाखवून विचारलं, वाचलंय का? प्रत्येक जण हो म्हणाला. एक पदवीधर तर म्हणाला, ह्या ग्रंथानं माझं आयुष्य बदललं. बापूसाहेब प्रसन्न. दामले मास्तरांच्या मेहुण्यानं तर पुस्तकाला हात लावून नमस्कार केला. त्याची जागा ठरल्यातच जमा होती.

मग यमुना. साडीचा पदर नीट खोचलेला, बोटांना अजून खळ.

"हे वाचलंय का, बाई?"

"हो साहेब. सगळं."

"मग सांगा, ग्रंथकार काय म्हणतो?"

आणि यमुना सांगायला लागली. खरं सांगायला लागली. दुःख टाळता येत नाही म्हणून माणसानं ते कुणाच्या तरी उपयोगी पाडावं, असं लेखक आधी म्हणतो आणि शेवटी स्वतःच ते खोडतो, असं काहीसं. बापूसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. बरोबर की चूक, हे ठरवायचं कसं? त्यांनी दामले मास्तरांकडे पाहिलं. दामले मास्तरांनी बापूसाहेबांकडे पाहिलं. आरशात आरसा.

"असं कुठं म्हटलंय?" शेवटी वकील म्हणाले. "दाखवा."

यमुनेनं पुस्तक घेतलं आणि उघडलं. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. मग थांबली. मी बाकावर डोळे मिटून घेतले.

"साहेब," ती म्हणाली, "ह्यात म्हशी आहेत."

तिनं तशाच सरळ आवाजात पंधरावं पान वाचलं. "दूध काढण्यापूर्वी हात स्वच्छ धुऊन कोरडे करावेत, व म्हशीशी प्रेमाने बोलावे." मग जरा थांबून म्हणाली, "आणि ह्याच्याखाली निळी रेघ आहे."

निळी पेन्सिल बापूसाहेबांच्या खिशात होती. सगळ्यांनी खिशाकडे पाहिलं. बापूसाहेबांनीही पाहिलं.

असला माणूस कोपऱ्यात सापडला की चावतो. बापूसाहेब उठून उभे राहिले. ही खोडी कुणाची, ही बाई बायंडरच्या दुकानात काम करते, हिनंच आतलं पुस्तक बदललं, संस्थेची बदनामी करायला बदललं, हिला नोकरी कसली, हिच्यावर तक्रार करायला पाहिजे. दामले मास्तरांनी कागद पुढं ओढून लिहायलाही घेतलं. यमुना माझ्याकडे वळली. नुसती बघत राहिली.

खरं बोलायला तोंड उघडलं होतं, देवाशप्पथ. पण खरं बोललो तर काय? चूक माझी आहे म्हणालो, की पुढचा प्रश्न, वर्षभर गप्प का? वाचनालयाचं काम जाणार. आणि त्या निळ्या रेघेचं काय? बापूसाहेबांचं नाक कापून यमुनेला ती खुर्ची मिळाली असती का? ह्या जन्मात नाही. तेव्हा मी तेच केलं जे मला उत्तम येतं. चुकीच्या गठ्ठ्याला शोभेल असा पुठ्ठा चढवला.

उठलो, हात जोडले आणि हसत म्हणालो, "बापूसाहेब, आता सांगून टाका. किती दिवस लपवणार?"

बापूसाहेब माझ्याकडे बघायला लागले.

"तुम्हीच नाही का मला म्हणालात," मी म्हटलं, "बायंडर, ग्रंथाच्या पुठ्ठ्यात म्हैस घाल, वर माझी रेघ मारतो. बघू, गावात खरा वाचणारा कोण निघतो. वर्षभर मी तोंड उघडलं नाही. पण आता निघाला ना वाचणारा."

बापूसाहेबांच्या चेहऱ्यावर आधी राग, मग हिशोब, आणि मग हळूहळू, सूर्य वर यावा तसं, हसू आलं. ते सावकाश खाली बसले.

"तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं तुला, बायंडर," ते म्हणाले.

दामले मास्तरांनी कागद उलटा केला आणि म्हणाले की त्यांनाही सुरुवातीपासून कल्पना होती. वकील म्हणाले, उत्तरार्धाबद्दल त्यांनी सूचक लिहिलंच होतं. दोन मिनिटांत त्या खोलीत म्हैस ठाऊक नसलेला माणूस उरला नाही. आणि परीक्षाच जर होती, तर पास झालेली एकच. मेहुणा नमस्काराच्या हातांसकट घरी गेला. यमुना निवडली गेली.

मला वाटलं, बाहेर येऊन ती पाया पडेल. पायरीवर उभी होती.

"काका, चूक तुमची होती ना?"

"हो."

"वर्षभर ठाऊक होती?"

"हो."

"आणि मला सांगितली न्हाय."

मी म्हटलं, बाई, खरं बोललो असतो तर तुला ती जागा मिळाली असती का? ती म्हणाली, "न्हाय मिळाली असती." मग चपला घालत म्हणाली, "पण त्यांना एकदा खाली बघावं लागलं असतं. तुम्ही त्यांना आणखी वर चढवलंत."

खोटं नव्हतं. पुढच्या शुक्रवारी बापूसाहेबांनी त्या परीक्षेवर दीड तास व्याख्यान दिलं. गावाचं अज्ञान त्यांनी कसं युक्तीनं उघडं पाडलं, हे ऐकायला माणसं खिडक्यांत उभी होती. तेव्हापासून ते मरेपर्यंत त्यांनी दुसरं काही सांगितलं नाही. लबाडी करायला त्यांना पेन्सिल लागायची. मी त्यांना बिनपेन्सिलीची लबाडी शिकवली. इतक्या वर्षांच्या धंद्यात ह्याहून मजबूत बांधणी माझ्या हातून झाली नाही, आणि हीच उसवता आली तर बरं, असं वाटणारीही दुसरी नाही.

यमुना खुर्चीवर बसली ती बसलीच. महिन्याभरानं मी गठ्ठा घेऊन गेलो, तर तिनं सभासदत्वाचा कागद पुढं केला. म्हणाली, काका, सही करा. मी म्हटलं, मी? अगं, ह्या कपाटातलं प्रत्येक पुस्तक माझ्या हातून गेलंय. ती म्हणाली, म्हणूनच. आणि एक पातळसं पुस्तक माझ्या नावावर लिहिलं. माझीच बांधणी, लाल कापड.

पंधरा दिवस ते दुकानात शिकंज्यावर पडून राहिलं. मुदत भरली तेव्हा मी ते झटकलं, काखेत मारलं आणि गेलो. रांग होती. माझी पाळी आली.

"वाचलंत?"

"वाचलं तर. उत्तम आहे. दृष्टी आहे त्या माणसाला."

ती लिहिता लिहिता थांबली. "शेवटी त्या बाईचं काय झालं, तुम्हाला पटलं?"

मी डोळे मिटले, नाकानं लांब श्वास घेतला आणि मान हलवली. "फार वाईट झालं गं तिचं."

"काका," यमुना म्हणाली, "ह्या पुस्तकात बाई न्हाय."

माझ्यामागे रांगेत कुणीतरी हसलं. तिनं मान वर केली नाही. तेच पुस्तक पुन्हा माझ्या नावावर लिहिलं, माझ्याकडे सरकवलं आणि मागच्या माणसाला म्हणाली, "या, पुढचे."